अतिवास्तव कला व मराठी मन

‘अतिवास्तव’ हा शब्द अलीकडे आपल्या बोलण्यांत फार स्वस्त झाला आहे. रेल्वेच्या फलाटावर गाय चढली, एखाद्या पुढाऱ्यानें एकाच आठवड्यांत दोनदां पक्ष बदलला, किंवा चित्रांतील घोड्यास माशाचें शेपूट फुटलेलें दिसलें, कीं ‘हें अगदीं अतिवास्तव आहे’ असें म्हणून सुशिक्षित माणूस मोकळा होतो. विलक्षण, विसंगत, विक्षिप्त आणि न कळणारें, या सर्वांस एकाच पोत्यांत कोंबण्याची ही सोय आहे. परंतु ज्या लोकांनीं या शब्दाचा झेंडा केला त्यांना विक्षिप्तपणा हवा नव्हता. मनुष्याचें हरवलेलें अर्धें मन त्यांना परत मिळवावयाचें होतें. ही कला कोणत्या दुःखांतून जन्मली, ती मराठींत कोणत्या वाटेनें आली, आणि तिच्यांतील कोणता अंश जपून ठेवण्याजोगा आहे, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आम्ही राहतों तें पिंप्राळा जळगांवास लागूनच आहे. पिंप्राळ्यांत बसून पॅरिसच्या गोष्टी सांगणें कोणास विनोदाचें वाटेल. परंतु या कथेच्या मराठी भागांत ज्या दोन व्यक्तींचा विचार केल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं, त्या दोघांचाहि संबंध याच खानदेशाच्या मातीशीं आहे. एकीनें तापीच्या कांठीं देह ठेवला, दुसऱ्याचा जन्म फैजपुरास झाला. दोघांमध्यें सहाशेंहून अधिक वर्षांचें अंतर आहे. त्यांच्याकडे येण्यापूर्वीं मूळ चळवळीची कुळकथा पाहणें अवश्य आहे.

या चळवळीची आई म्हणजे पहिलें महायुद्ध. ज्या राष्ट्रांनीं जगास तर्क, शिस्त आणि प्रगति यांचे धडे दिले, त्यांनींच १९१४ ते १९१८ या वर्षांत आपली तरुण पिढी खंदकांच्या चिखलांत पुरली. आगगाड्यांचीं वेळापत्रकें बिनचूक होतीं, तोफांचे हिशेब बिनचूक होते, आणि या सर्व बिनचूकपणाचें फळ वेडाचें होतें. हा जर शहाणपणा, तर वेड कशास म्हणावें, असा प्रश्न कित्येक तरुणांच्या मनांत उभा राहिला. १९१६ च्या फेब्रुवारींत ह्यूगो बाल या जर्मन लेखकानें स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरीं ‘काबारे व्होल्तेअर’ नांवाची एक नाट्यशाळावजा बैठक उघडली. युद्धापासून दूर पळालेले कवि व चित्रकार तेथें जमले, आणि ‘दादा’ हें मुद्दाम निरर्थक असें नांव घेऊन त्यांनीं अर्थाचीच थट्टा आरंभिली. दादा हा संतप्त नकार होता. नकारानें जुनी भिंत पडते. नवें घर मात्र उभें राहत नाहीं.

त्याच वर्षीं आंद्रे ब्रतों नांवाचा वीस वर्षांचा फ्रेंच तरुण, वैद्यकीचा विद्यार्थी म्हणून, लष्करी इस्पितळांत काम करीत होता. सां-दिझिए येथें मनोविकार जडलेल्या सैनिकांचें एक केंद्र होतें. तेथें त्यास एक सैनिक भेटला. युद्ध हें सगळें सोंग आहे, गोळे खोटे आहेत आणि जखमा रंगविलेल्या आहेत, अशी त्या सैनिकाची अढळ समजूत होती. वैद्याच्या दृष्टीनें तो रोगी. परंतु ब्रतोंच्या अंतःकरणांत दडलेल्या कवीला त्या बोलण्यांत शहाण्यांच्या भाषणांहून अधिक जिवंत असें कांहीं ऐकूं आलें. मनाच्या तळाशीं एक कारखाना रात्रंदिवस चालू आहे, आणि आपण त्याचें दार लावून ठेवलें आहे, हा शोध त्यास इस्पितळांत लागला. त्या शोधास शास्त्राचा आधार मिळाला तो व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांच्या लेखनांत. त्यांचा स्वप्नार्थावरील ग्रंथ १९०० सालचा आहे. रोग्यानें मनास येईल तें न अडखळतां बोलत जावें ही त्यांची रीति. ब्रतोंनें ती उचलली, पण रोग बरा करण्यासाठीं नव्हे. १९१९ सालीं तो व त्याचा मित्र फिलिप सूपो यांनीं, पुढें काय लिहावयाचें याचा विचार न करतां, लेखणी धांवेल तसें लिहिण्याचा प्रयोग केला. ‘चुंबकीय क्षेत्रें’ या त्या पुस्तकापासून स्वयंलेखनाचा आरंभ झाला असें मानतात.

शब्द मात्र ब्रतोंचा नव्हे. ‘सर्रिआलिस्त’ हें विशेषण १९१७ सालीं गीयोम आपोलिनेर या कवीनें आपल्या एका नाटकास लाविलें होतें. आपोलिनेर दुसऱ्याच वर्षीं वारला. त्याच्या स्मृतीस मान देऊन ब्रतोंनें तो शब्द उचलला, आणि १९२४ च्या ऑक्टोबरांत पहिला जाहीरनामा प्रसिद्ध केला. स्वप्न व जागृति या परस्परविरोधी भासणाऱ्या अवस्था एका व्यापक वास्तवांत विलीन होतील, हा त्या जाहीरनाम्याचा विश्वास होता. आपल्याकडे ‘अतिवास्तव’ असा जो प्रतिशब्द रूढ झाला, त्यांतील ‘अति’ या उपसर्गानें थोडा घोटाळा केला आहे. अतिशहाणा, अतिरेक या शब्दांच्या संगतीनें त्यास मर्यादा सोडल्याचा वास येतो. मूळ अर्थ ‘वास्तवाच्या वर जाणारें, वास्तवास पोटांत घेणारें’ असा आहे.

या जाहीरनाम्यांत एका जुन्या मताचा उल्लेख आहे, आणि आमच्या विवेचनाची सर्व मदार त्याच्यावर आहे. पिएर रव्हर्दी या कवीनें १९१८ सालीं असें लिहिलें होतें कीं, काव्यांतील प्रतिमा साम्यांतून जन्मत नाहीं. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन वस्तु जवळ आणल्या कीं ती जन्मते. वस्तूंमधील संबंध जितका दूरचा आणि जितका यथार्थ, तितकी प्रतिमा बलवान्. येथें अटी दोन आहेत: दूरत्व आणि यथार्थता. ब्रतोंला पहिली अट पूर्णपणें पटली. दुसरीविषयीं तो साशंक होता. कारण यथार्थता पारखावयाची म्हटलें कीं बुद्धीस पुन्हा दारावर पहारेकरी म्हणून बसवावें लागतें. दोन वस्तूंची गांठ योगायोगानें पडावी आणि ठिणगी आपोआप उडावी, असें त्यास वाटे. पुढील शंभर वर्षांत या कलेचें जें कांहीं बरेंवाईट झालें, त्याचें बीज या लहानशा मतभेदांत आहे.

चळवळ कवींची, चित्रकार तिच्यांत मागाहून आले. त्यांच्यापुढें अडचणहि मोठी होती. लेखणी धांवूं शकते, पण तैलरंग वाळावयास दिवस लागतात. मग चित्र स्वप्नाच्या वेगानें काढावें कसें? १९२५ च्या वसंतांत पिएर नाव्हील यानें तर अतिवास्तव चित्रकला अशी वस्तुच नाहीं, असें चळवळीच्या मुखपत्रांत लिहिलें. त्याच वर्षीं माक्स अर्न्स्ट या चित्रकारानें एक वाट काढली. समुद्रकांठच्या एका खानावळींत जमिनीच्या झिजलेल्या लांकडी फळ्यांवर कागद ठेवून त्यानें वरून शिसपेन्सिल घांसली, आणि लांकडाच्या रेषांतून अरण्यें, पक्षी व डोळे वर येऊं लागले. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घांसण्याचा खेळ आपण सर्वांनीं लहानपणीं खेळला आहे. मुलाला नाणें उमटावयास हवें असतें. अर्न्स्टला नाण्यांत नसलेलें उमटावयास हवें होतें, इतकाच भेद. आंद्रे मासों आणि जोआन मिरो यांनीं हात मोकळा सोडून रेषेस वाट काढूं दिली.

दुसरा पंथ याच्या अगदीं उलट होता. इटलीच्या जॉर्जो दे किरिको यानें युद्धापूर्वींच ओसाड चौक, लांब सावल्या व थांबलेली वेळ यांचीं चित्रें काढलीं होतीं. त्यांपासून स्फूर्ति घेऊन साल्वादोर दाली व रने माग्रित यांनीं स्वप्न छायाचित्राच्या नेटकेपणानें रंगविण्यास आरंभ केला. दालीचें वितळलेल्या घड्याळांचें १९३१ सालचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु तें प्रत्यक्ष पाहणारा चकित होतो तो त्याच्या आकारानें. तें अवघें २४ सेंटिमीटर उंच व ३३ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे शाळकरी पाटीएवढें. बेल्जमच्या माग्रितनें १९२९ सालीं एक तंबाखूची चिलीम हुबेहूब रंगवून, ही चिलीम नव्हे, अशा अर्थाचें वाक्य तिच्याखालीं लिहिलें. तें खरेंच आहे. चित्रांतील चिलीम ओढतां येत नाहीं. पण शब्द, चित्र व वस्तु यांस आपण किती सहज एक समजतों, हें त्यानें एका ओळींत उघडें केलें.

गंमत अशी कीं, ज्या फ्रॉइडच्या आधारावर हें सर्व उभें होतें, त्यांना यांतील फारसें पटलें नाहीं. ब्रतों १९२१ सालीं त्यांना व्हिएन्नास जाऊन भेटला आणि निराश होऊन परतला. या मंडळींना नेमकें काय हवें आहे हें आपणांस उमगत नाहीं, अशा आशयाचें पत्र फ्रॉइड यांनीं त्यास १९३२ सालीं लिहिलें. यांत नवल कांहीं नाहीं. फ्रॉइड यांच्या दृष्टीनें स्वप्न हें कुलूप होतें आणि ते किल्ली शोधीत होते. ब्रतोंला कुलूपच प्रिय होतें.

आपल्या देशाच्या वाचकास या मंडळींची आणखी एक बाजू माहीत असावी. १९३१ सालीं पॅरिसमध्यें फ्रेंच साम्राज्याच्या वैभवाचें भव्य वसाहत-प्रदर्शन भरलें, तेव्हां ‘तेथें जाऊं नका’ असें आवाहन करणारें पत्रक या कवींनीं काढलें. १९४१ सालीं हिटलरच्या भीतीनें अमेरिकेकडे निघालेला ब्रतों वाटेंत मार्तिनीक बेटावर अडकला. मुलीसाठीं फीत घ्यावयास तो एका दुकानांत गेला असतां तेथें त्यास एक स्थानिक मासिक दिसलें. तें एमे सेझेर व त्याच्या सहकाऱ्यांचें होतें. मालकाच्या भाषेंत लिहीत असतांहि मालकाच्या व्याकरणाबाहेर कसें पडावें, हें त्या कृष्णवर्णीय कवीला या रीतीनें साधलें होतें. एका बाजूस ही उदारता; दुसऱ्या बाजूस संप्रदायाच्या आंत भांडणें, बहिष्कार व हकालपट्ट्या यांना अंत नव्हता. ब्रतों १९६६ सालीं वारला आणि १९६९ सालीं पॅरिसचें मंडळ विसर्जित झालें. संप्रदाय संपला, रीति उरली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९३० च्या मे महिन्यांत रवींद्रनाथ ठाकुरांच्या चित्रांचें प्रदर्शन पॅरिसांत भरलें. हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळी जोडतां जोडतां त्यांतून पशु, पक्षी व मुखवटे निर्माण होत, आणि कविवर्य त्यांच्यामागें जात. ही रीति अर्न्स्टच्या फळ्यांची सख्खी बहीण शोभेल. परंतु रवींद्रनाथ कोणत्याहि जाहीरनाम्याचे अनुयायी नव्हते. मुंबईंत तर या चळवळीस स्वतंत्र घर कधींच मिळालें नाहीं. सर जे. जे. कलाशाळेंत हुबेहूब चित्रणाची शिस्त पक्की होती. तिच्याविरुद्ध १९४७ सालीं सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे या सहा तरुणांनीं प्रगतिशील कलावंतांचा गट स्थापन केला. परंतु त्यांच्यापर्यंत यूरोप पोहोंचला तो लांगहॅमर, फॉन लायडन अशा मध्य यूरोपांतून आलेल्या चित्रकार-समीक्षकांच्या मार्फत. त्यामुळें स्वप्नाच्या नाजूक कोड्यांपेक्षां तीव्र रंग, विदीर्ण आकार व उघड भावना यांचा ओढा तेथें अधिक राहिला.

मराठींत ही हवा शिरली ती कवितेच्या खिडकींतून, आणि ती खिडकी उघडणारे बाळ सीताराम मर्ढेकर १ डिसेंबर १९०९ रोजीं खानदेशांतील फैजपूर येथें जन्मले. आय. सी. एस. परीक्षेसाठीं ते इंग्लंडांत गेले, आणि तेथून सनदी नोकरीऐवजीं नव्या वाङ्मयाची जाण घेऊन परतले. त्यांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी १९४२ सालची. मनांत वाहणाऱ्या विचारांचा ओघ तसाच कागदावर आणण्याचा तिच्यांत यत्न आहे. १९४७ सालीं ‘कांहीं कविता’ हा संग्रह निघाला, आणि मराठी वाचकाच्या पायांखालची वाळू सरकली. पिंपांत मरून पडलेले उंदीर, यंत्रें, गर्दी आणि शहराची ओंगळ पहाट यांस त्यांनीं संतांच्या ओवी-अभंगांच्या चालींत बसविलें. संग्रहावर अश्लीलतेचा खटलाहि झाला, आणि त्यांतून कवि निर्दोष सुटला.

मर्ढेकर अतिवास्तववादी होते काय? आमच्या मतें नव्हते. त्यांचा ओढा इंग्रजी नवकवितेकडे होता. लेखणी मोकळी सोडणें हें त्यांच्या काटेकोर बुद्धीस मानवणारें नव्हतें. तथापि दूरच्या वस्तु जवळ आणून ठिणगी पाडण्याचें धाडस त्यांनीं मराठींत जितकें केलें तितकें त्यांच्यापूर्वीं कोणी केलें नव्हतें. आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, या धाडसास त्यांनीं एक नियम घालून दिला. त्यास ते ‘भावनानिष्ठ समतानता’ म्हणत. दोन वस्तूंचें रूप सारखें नसलें तरी चालेल, त्यांचा उपयोग सारखा नसला तरी चालेल. परंतु त्यांच्यापासून उठणाऱ्या भावनेचा सूर एक असला पाहिजे. वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल कीं, रव्हर्दीच्या दोन अटींपैकीं जी दुसरी अट पॅरिसांत बाजूस पडली, तिच्याशीं हिचें जवळचें नातें आहे. मर्ढेकरांनीं ती रव्हर्दीपासून घेतली असें आम्ही म्हणत नाहीं. स्वतंत्रपणें विचार करणारा कवि त्याच दाराशीं येऊन पोहोंचला, एवढेंच म्हणतों.

येथें कोणी म्हणेल कीं, असंभाव्य प्रतिमांसाठीं मराठी माणसास पॅरिस किंवा लंडन कशास हवें? संतांच्या वाणींत त्या मुबलक आहेत. आक्षेप योग्य आहे. मुंगी आकाशांत उडाली व तिनें सूर्यास गिळलें, अशी कल्पना करणाऱ्या मुक्ताबाई आमच्याच जिल्ह्यांत तापीकांठीं, मेहुण येथें, शके १२१९ म्हणजे १२९७ सालीं विजेच्या लोळांत अंतर्धान पावल्या असें परंपरा सांगते. त्यांच्या नांवाचें मुक्ताईनगर येथून फार दूर नाहीं. कांट्याच्या अणीवर गांवें वसविणारी कूटरचना, नाथांचीं भारुडें, हा सर्व ठेवा आपल्या आजीच्या तोंडीं होता. दालीच्या चित्रांत एका घड्याळावर मुंग्या जमल्या आहेत; त्यांच्या सहाशें वर्षें आधीं आमची मुंगी सूर्य गिळून मोकळी झाली होती, असा अभिमान धरण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे.

परंतु हा मोह आवरला पाहिजे, कारण दोन मुंग्यांची जात वेगळी आहे. कूट अभंगास उत्तर असतें. ऐकणारा चकित होतो, मग गुरु किंवा कीर्तनकार उलगडा करतो, आणि लहानांत लहान जीवानें सर्वांत थोर तेज कसें आत्मसात् केलें हें कळून श्रोता शांत होतो. अचंबा हा तेथें दरवाजा आहे. घर अद्वैताचें आहे. अतिवास्तव चित्रास असें घर नाहीं. तें अचंब्यापाशींच तुम्हांस उभें करून ठेवतें. संतांस सत्य आधीं लाभलेलें होतें व त्यांनीं त्यास कोड्याचें वस्त्र नेसविलें. ब्रतोंच्या पिढीपाशीं सत्य उरलेंच नव्हतें, म्हणून ती कोड्यांतच तें धुंडीत होती. एकास दुसऱ्याचा पूर्वज ठरविणें म्हणजे दोघांचाहि अपमान करणें होय.

तरी या जुन्या संवयीचा आपल्यावर परिणाम झालाच. उंदरांची ती कविता वर्गांत घेतली कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, उंदीर म्हणजे कोण?’ कोणी म्हणतो गिरणी कामगार, कोणी म्हणतो मध्यम वर्ग, कोणी म्हणतो महायुद्धांतील मृत. प्रत्येक उत्तर वहींत उतरवून घेतलें जातें आणि कविता तेथेंच संपते. मराठी वाचक कुशाग्र आहे. पण तो उलगड्याच्या शिस्तींत वाढला आहे. किल्ली मिळाली कीं तो कुलपाकडे पाहत नाहीं. मर्ढेकरांचें म्हणणें असें कीं, उंदीर म्हणजे दुसरें कोणी असण्याची गरज नाहीं; ते पाहून मनांत जो सूर उमटतो तो मनुष्याच्या जिण्यास लागू पडतो कीं नाहीं तें पाहा.

मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजीं दिल्लीस वारले. त्याच सुमारास मुंबईंत एक तरुण पिढी लहान नियतकालिकें काढूं लागली होती. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांचें ‘शब्द’ १९५४ सालीं निघालें. यूरोपांतील कवि या मंडळींनीं मुळांतून वा भाषांतरांतून वाचले होते, आणि स्वप्नाच्या तर्कानें चालणारी कविता मराठींत प्रथमच निःसंकोच लिहिली गेली. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ सालीं पुस्तकरूपानें आला, तेव्हां त्यांतील सुरुवातीच्या कविता बऱ्याच जुन्या झालेल्या होत्या. कथेंत विलास सारंग यांनीं ‘सोलेदाद’ (१९७५) या संग्रहांत हीच वाट चोखाळली. कोलटकर स्वतः जे. जे. कलाशाळेंत शिकलेले, आणि पोटासाठीं जाहिरातींचें काम करणारे. चित्र व शब्द यांचें असें शेजार त्यांच्या ठायीं असल्यामुळें त्यांची प्रतिमा आधीं डोळ्यांस दिसते, मग मनास बोंचते.

चित्रकलेंत या रीतीचें पक्व फळ पाहावयाचें असेल तर प्रभाकर बरवे यांच्याकडे जावें लागतें. मात्र त्यापूर्वीं आमच्या खानदेशच्याच एका कलावंताची आठवण सांगतों, म्हणजे फरक स्पष्ट होईल. चाळीसगांवचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनीं आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्या घरांत एकांतवासांत घालविला, आणि मेजावर घरगुती वस्तु मांडून त्यांचीं असलीं छायाचित्रें घेतलीं कीं पाहणारास तो खरा देखावाच वाटावा. त्या कौशल्यास तोड नाहीं. तेथें वस्तु आपलें नांव लपविते व दुसऱ्या वस्तूचें सोंग घेते. सोंग वठलें कीं कला सिद्ध झाली. अतिवास्तव चित्रांत उलट घडतें. तेथें पान पानच असतें, घड्याळ घड्याळच असतें. कोणीहि सोंग घेत नाहीं. केवळ शेजार बदललेला असतो, आणि त्या शेजारामुळें पान आपण प्रथमच पाहत आहों असें वाटतें.

बरवे १९३६ सालीं अलिबागजवळील नागांव येथें जन्मले. जे. जे. मधील शिक्षण १९५९ सालीं पुरें करून ते विणकर सेवा केंद्रांत नोकरीस लागले, आणि त्या नोकरीनें त्यांना कांहीं वर्षें वाराणसीस नेलें. तेथें तांत्रिक आकृतींचा त्यांच्यावर प्रभाव पडला. परंतु त्यांचें खरें राज्य पुढें, मुंबईस परतल्यावर, स्थापन झालें. दाराखिडक्यांस लावावयाचा चकचकीत एनॅमल रंग त्यांनीं कॅनव्हासवर आणला. आणि विस्तीर्ण, सपाट, शांत अवकाशांत पान, घड्याळ, ढग, सावली अशा साध्या वस्तु सुट्या सुट्या ठेवल्या. येथें दालीचा थयथयाट नाहीं, रक्त नाहीं, भय नाहीं. दुपारीं घरांतील सर्व निजले असतां ओसरीवर एकट्यानें जागें असावें, आणि खुंटीवरच्या कपड्यास आपलें कांहीं म्हणणें आहे असा भास व्हावा, त्या जातीची ही शांतता आहे. आपल्या विचारांची रोजनिशी त्यांनीं वर्षानुवर्षें लिहिली, आणि ‘कोरा कॅनव्हास’ हें त्यांचें पुस्तक १९९० सालीं निघालें. चित्रकारानें मराठींत स्वतःच्या कलेविषयीं इतक्या सावधपणें लिहिल्याचीं उदाहरणें थोडींच आहेत. ते १९९५ सालीं वारले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत २०१९ सालीं त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. स्वप्नाची मोकळीक आणि समतानतेची शिस्त एकाच भिंतीवर नांदूं शकतात, याचा तो पुरावा होता.

मूळ चळवळीचा वारसा जगभर फार वेगवेगळ्या हातीं गेला. युद्धकाळांत न्यूयॉर्कास पोहोंचलेल्या चित्रकारांपासून हात मोकळा सोडण्याची रीति जॅक्सन पोलॉकच्या पिढीनें घेतली. चित्रपटांत बुन्युएल व दाली यांनीं १९२९ सालीं केलेला प्रयोग हॉलिवुडपर्यंत गेला. हिचकॉकच्या १९४५ च्या एका चित्रपटांतील स्वप्नदृश्य दालीनें आंखलेलें आहे. मेक्सिकोंत जाऊन राहिलेल्या लिओनोरा कॅरिंग्टन व रेमेदिओस व्हारो या स्त्रियांना पॅरिसच्या मंडळींनीं स्फूर्तिदेवता मानलें, चित्रकार म्हणून त्यांची योग्यता फार उशिरां ओळखली गेली. २०२२ सालच्या व्हेनिस प्रदर्शनास कॅरिंग्टनच्या एका पुस्तकाचें नांव दिलें गेलें. आणि जाहिरातदारांनीं तर या कलेस उघड्या हातानें लुटलें. सोडवितां न येणारी प्रतिमा डोळ्यांत रुतून बसते, हें ब्रतोंनें सांगितलें माणसास मुक्त करण्यासाठीं. बाजारानें त्याचा उपयोग साबण विकण्यासाठीं केला.

परंतु या कलेची खरी कसोटी आपल्या डोळ्यांदेखत सुरू झाली आहे. २०२१ सालीं एका अमेरिकन संस्थेनें, शब्दांत वर्णन केलें असतां चित्र काढून देणारें संगणकयंत्र जाहीर केलें, आणि त्याचें ‘डाल्-ई’ हें नांव दालीच्या नांवावरून व एका चित्रपटांतील यंत्रमानवाच्या नांवावरून घडविलें. तेव्हांपासून अशा यंत्रांची रीघ लागली आहे. आतां हत्तीच्या पाठीवर आगगाडी आणि आगगाडीच्या खिडकींतून समुद्र, असें चित्र आमच्या गल्लींतील शाळकरी मूलहि क्षणांत काढवून घेतें. दूरच्या दोन वस्तु एकत्र आणणें ही जगांतील सर्वांत स्वस्त गोष्ट झाली आहे. म्हणजे रव्हर्दीच्या पहिल्या अटीची किंमत शून्यावर आली. ज्यांनीं आपली सर्व पुंजी दूरत्वांत गुंतविली होती त्यांचें दिवाळें निघणें ठरलेलें आहे. शिल्लक राहते ती दुसरी अट. वस्तु एकत्र आल्या खऱ्या. पण त्या येथेंच, याच माणसाच्या हातून, अशाच कां आल्या? सां-दिझिएच्या त्या सैनिकाच्या बोलण्यास या प्रश्नाचें उत्तर होतें. तें त्याच्या जखमी मनांत होतें. मर्ढेकरांच्या उंदरांस तें आहे, बरव्यांच्या पानास तें आहे. नुसत्या चमत्कृतीस तें नसतें, मग ती यंत्रानें काढलेली असो वा हातानें.

म्हणून आमची अशी सूचना आहे कीं, घरांत किंवा वर्गांत अशी कविता वा असें चित्र समोर आलें असतां ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूस ठेवावा, आणि ‘यांतील कोणती वस्तु काढली तर हें कोसळेल?’ असें विचारावें. मुलें या प्रश्नाचें उत्तर मोठ्यांहून लवकर देतात, असा आमचा अनुभव आहे. जेथें कोणतीहि वस्तु काढली किंवा बदलली तरी कांहीं बिघडत नाहीं, तेथें केवळ चमत्कृति आहे. तिच्याकडे पाहून हसावें व पुढें जावें. जेथें एक पान उचललें तर सबंध भिंत रिकामी वाटेल, तेथें थोडें थांबावें.